जोडी फोडत नाही

पाहुण्यांची गाडी गल्लीत वळली तेव्हा माझी मोटारसायकल शेजारच्या राजमानेकाकूंच्या गोठ्यात, म्हशीला खेटून, गोधडी पांघरून उभी होती.

ही आईची आज्ञा. मी जनावरांची डॉक्टर आहे हे तिनं हुपरीच्या पाहुण्यांना कळवलं होतं, कारण ते लपवता येण्यासारखं नव्हतं. दारावर पाटीच होती. पण ही डॉक्टर शिरोळ तालुक्यातल्या वाड्यावस्त्या मोटारसायकलवरून पालथ्या घालते, हे काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. आधीची दोन स्थळं गाडीवरूनच मोडली होती. त्यातल्या एकांनी निरोप धाडला होता की मुलगी चांगली आहे, पण आमच्यात बायकांनी मागं बसायची पद्धत आहे.

"ड्यूटीवर कशानं जाता म्हणून विचारलं तर काय सांगू?" मी आईला म्हटलं.

"एसटीनं."

"गोठ्यागोठ्यापर्यंत?"

"एवढं खोदून कोण विचारतंय," असं म्हणून आईनं पोह्यांवर कोथिंबीर पसरली. पोह्यांत कांदा नव्हता. पाहुण्यांबरोबर येणाऱ्या आत्याबाई कांदा खात नाहीत आणि दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा तोंडात घेत नाहीत, असं आधीच कळवून ठेवलेलं होतं.

गाडी वडलांची. ते गेल्यावर ती माझ्याकडं आली. त्यांचे हात फावड्यासारखे होते, माझे लहान. अडलेल्या म्हशीच्या पोटातलं रेडकू फिरवायचं असेल तर लहान हातासारखं हत्यार नाही. पण गाडीवर त्याच हातांनी माझी पंचाईत केली होती. मूठ धरल्यावर उजव्या हाताची बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत आणि डाव्या हाताची क्लचच्या लिव्हरपर्यंत कशीबशी पोचायची. आदल्याच आठवड्यात नांदणीच्या वळणावर समोर बैलगाडी आली आणि बोटं ब्रेकपर्यंत जाईतोवर मी एका उकिरड्यात जाऊन पडले. ब्रेकचा लिव्हर तुटला, क्लचचा वाकला. मला खरचटलंही नाही. उकिरडा ताजा होता. पण परत तसं झालं तर उकिरडाच असेल याची खात्री कोण देणार? म्हणून स्टेशन रोडच्या धनपाल आण्णांना मी लहान हाताला चालतील असे लिव्हर मागवायला सांगितले होते. आण्णांचं स्पेअर पार्टचं दुकान. "माल आला की घरीच येतो," ते म्हणाले होते. "हात बघून ठरवू." कधी येणार हे ते बोलले नव्हते, आणि मीही विचारलं नव्हतं.

पाहुणे तीनच आले. मुलगा श्रेणिक, त्याचे वडील बाबासो आणि सोनाक्का आत्या. श्रेणिकची आई तो लहान असताना वारली होती, त्याला आत्याबाईंनीच वाढवलं होतं. घरी पैंजणांचा कारखाना. बाबासो कमी बोलणारे होते आणि आत्याबाई त्यांच्या वाटणीचंही बोलत होत्या.

श्रेणिकच्या डाव्या हातावर एक लोकरी शाल होती. मे महिना होता. जयसिंगपुरात पंखासुद्धा गरम हवा फेकत होता आणि हा माणूस जाडजूड शाल हातावर घेऊन, ती हातासकट मांडीवर ठेवून बसला होता. नमस्कारालाही त्यानं हात जोडले नाहीत, नुसती मान लववली. आईला तो गर्विष्ठ वाटला असणार. तिच्या भुवईवरून मला कळलं.

"शाल द्या, आत ठेवते," मी म्हटलं.

"असू दे असू दे," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "मानाची शाल हाय ती. जाताना तुझ्या आईला पांघरायची. तवर खाली ठेवायची नसती, आमच्यात तशी रीत हाय."

बाबासोंनी बहिणीकडं पाहिलं. ही रीत त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली असावी.

मी चहा-पोहे आणायला उठणार तोच दारात धनपाल आण्णा उभे राहिले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून खणखण आवाज. चपला काढता काढता ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई हायत ना घरात? हात बघायचाय त्यांचा."

आई एका दमात दारापाशी पोचली. पिशवीचं तोंड तिनं आधी मुठीत धरलं आणि मग पाहुण्यांकडं वळून हसली.

"हे माझे मावसभाऊ."

आण्णांनी आईकडं पाहिलं. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झालेली असल्यामुळं बाईमाणसाची नजर त्यांना वाचता येत होती. ते काही न बोलता आत आले आणि मावसभाऊ या नात्यानं सगळ्यांत चांगल्या खुर्चीत बसले.

"हात बघता होय तुम्ही?" आत्याबाई पुढं सरकल्या. त्यांचा आवाजच बदलला होता.

"तेच की. हात बघितल्याबिगर मी काहीच सांगत नाही," आण्णा म्हणाले. "लोक फोनवर विचारतात. मी म्हणतो, समोर या. प्रत्येकाचा हात वेगळा."

"खरं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या पेठेतला जोशी फोटोवरनंच सांगायचा. सगळं चुकलं त्याचं."

मी आईकडं पाहिलं. आई पिशवीकडं पाहत होती. आता हे असंच पुढं न्यायचं, एवढंच तिनं ठरवलेलं दिसत होतं.

आण्णांनी माझा उजवा हात घेतला, खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि अंगठ्याच्या बेचक्यापासून बोटाच्या पेरापर्यंत लावली. मग डावा हात. आत्याबाई श्वास रोखून बघत होत्या. पट्टी लावून हात बघणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता आणि त्यामुळं त्यांचा विश्वास वाढत चालला होता.

"बोटं आखूड हायत," आण्णा म्हणाले.

"मग? वाईट असतंय का ते?"

"वाईट नाही. पण ताण पडतो. सगळं ओढून ओढून जवळ आणावं लागतं, आणि ऐन वेळेला हाताला लागत नाही."

"अगं बाई," आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "उपाय?"

"उपाय हाय की. बाहेरनं मागवावं लागतं. एकदा बसवून घेतलं की पुढं बघायला नको."

"खडा बसवायचा का? चांदीत बसवून देऊ की. घरचीच हाय."

आण्णांनी यावर गांभीर्यानं विचार केला. "चांदी नको. वाकंल. अॅल्युमिनियम बरं. हलकं असतं, गंजत नाही."

चांदीच्या धंद्यात जन्म काढलेले बाबासो तेवढ्यात पहिल्यांदा बोलले. "अॅल्युमिनियमची अंगठी?"

"आता मी आणलंय त्यात दुमडणारंही हाय," आण्णा त्यांच्याच नादात सांगत होते. "म्हणजे पडलं तरी मोडत नाही."

"पडणं हाय का नशिबात?" आत्याबाईंनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं.

"गेल्या आठवड्यातच पडल्यात की."

"न्हाणीत," आई म्हणाली. "पाय घसरला."

"न्हाणीत?" आण्णांनी मला विचारलं. त्यांना वाटलं, मी दुसऱ्यांदाही पडले.

आजही मी त्या दुपारचा हिशेब लावते तेव्हा आण्णांबद्दल आदर वाटतो. मावसभाऊ म्हटल्यावर ते गप्प बसले, एवढंच. बाकी त्यांच्या तोंडून खोटा असा एक शब्दही निघाला नाही.

मग आत्याबाईंनी स्वतःचा हात पुढं केला. आण्णांना गिऱ्हाईक वाढल्याचा आनंद झाला. पट्टी लावून ते म्हणाले, "तुमचा हात दणकट. तुम्हाला काही बदलायची गरजच नाही. हाय ते चालू द्या."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना असं सांगितलं नसावं. त्या पदरानं डोळे टिपत असताना आई पाहुणचाराच्या भरात बोलून गेली, "आता यांचाही बघा की." आणि तिनं श्रेणिककडं बोट केलं.

आत्याबाईंनी पदर खाली सोडला. बाबासो छताकडं पाहायला लागले. श्रेणिकनं उजवा हात पुढं केला, आण्णांनी तो मापला आणि म्हणाले, "हा झाला. डावा?"

"पुरुषांचा डावा बघत नाहीत," आत्याबाई म्हणाल्या. "पुरुषांचा उजवाच बघायचा असतोय."

"असं कसं? उजवा ब्रेकचा. डाव्याशिवाय गिअर कसा पडायचा?"

आणि मग श्रेणिक हसायला लागला. तो आल्यापासून गप्प बसून होता, त्यामुळं त्याचं हसणं फार मोठं वाटलं. हसता हसता तो म्हणाला, "आण्णा, पिशवीत लिव्हर आहेत का हो?"

"मग काय बांगड्या आहेत?" आण्णा म्हणाले.

"तर मग हा बघा." त्यानं शाल बाजूला केली आणि डावा हात आण्णांच्या पुढ्यात ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

"चांदीची पट्टी ओढायच्या मशीनमध्ये गेली," तो मला म्हणाला. "दोन वर्षं झाली. मला हे आधीच सांगायचं होतं. आत्या म्हणाली, पोहे खाऊन झाल्यावर सांगू."

भरलेली जखम दिसली की टाके कुणी घातले असतील हे माझ्या मनात आधी येतं. धंद्याचा गुण. त्यामुळं माझ्या होणाऱ्या नवऱ्याशी मी बोललेलं पहिलं खरं वाक्य असं होतं, "टाके चांगले पडलेत."

"कोल्हापूरला घातले," तो म्हणाला.

पण आई आता उभी राहिली होती. "म्हणजे तुम्ही लपवून ठेवलंत?" ती आत्याबाईंना म्हणाली. "बोटं नाहीत याचं मला काही नाही. काम करताना माणसाला लागतंच. पण सोयरीक करायला यायचं आणि शालीखाली हात लपवून बसायचं? आमच्या घरात असं चालत नाही. आमच्याकडं जे असेल ते उघड्यावर असतं."

आत्याबाईंची मान खाली गेली. आई आणखी बोलणार होती. तिला सूर सापडला होता. नेमक्या त्याच वेळी राजमानेकाकू मागच्या दारानं सरळ माजघरातून बाहेरच्या खोलीत आल्या.

"सुनीती, तुझी मोटारसायकल काढ बाई आधी," त्या म्हणाल्या. "म्हशीनं गोधडी अर्धी खाल्ली, आता सीट चावायला लागलीय."

आईनं डोळे मिटले.

पंखा फिरत होता. काकूंनी पाहुण्यांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि आपण काय केलंय हे कळून जशा आल्या तशा परत गेल्या. आत्याबाईंनी हळूहळू मान वर केली.

"मोटारसायकल," त्या म्हणाल्या.

"वडलांची आहे," मी म्हटलं. "मी रोज चालवते. न्हाणीत नाही पडले. नांदणीच्या वळणावर उकिरड्यात पडले."

"आणि एसटी?" बाबासोंनी विचारलं. आईनं बहुतेक त्यांना फोनवरच एसटीचं सांगून टाकलं होतं.

"एसटी आमच्या गल्लीवरनं जाते," आई म्हणाली आणि खाली बसली.

आता उठून जायची वेळ होती. पाहुण्यांना जायला तोंड नव्हतं आणि आम्हाला त्यांना थांबवायलाही नव्हतं. आण्णांचा मात्र यातल्या कशाशी संबंध नव्हता. पिशवी एकदाची आईच्या मुठीतून सुटली होती. त्यांनी ती टेबलावर रिकामी केली. काळे, लाल, सोनेरी, रुपेरी लिव्हर, आणि मूठ लावलेला हँडलचा एक तुकडा, गिऱ्हाइकाला ओढून बघता यावं म्हणून.

"मला दुकान उघडायचंय," ते म्हणाले. "ठरवा लवकर."

"ऊनपण उतरलंय," आत्याबाई खिडकीतून बघून म्हणाल्या. "मला दिवस मावळायच्या आत खायला पाहिजे."

तेव्हा मी पोहे आणले. लिव्हरच्या शेजारी बशा ठेवल्या आणि सगळे खायला लागले. भांडण अर्ध्यावर सोडून खायला बसलेली माणसं काहीतरी बोलायला शोधतात. समोर लिव्हरच होते.

"हा सोनेरी घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "मंगल दिसतोय."

"रुपेरी बरा," बाबासो म्हणाले. त्यांनी हँडलचा तुकडा मांडीवर घेऊन एक लिव्हर ओढला. मग परत ओढला. मग पोह्यांची बशी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी ओढला. "बरं वाटतंय," ते बहिणीला म्हणाले. "तू बघ."

आत्याबाईंनी ओढला, आईनं ओढला. आई म्हणाली, यापेक्षा आमच्या विहिरीचा रहाट सोपा होता.

आण्णांनी मला दोन प्रकार समजावून सांगितले. दोन्हींना एक चाकी होती, ती फिरवली की लिव्हर मुठीच्या जवळ यायचा, त्यामुळं माझा मुख्य प्रश्न कसाही सुटणार होता. उरला लांबीचा. एक प्रकार लांब, चारही बोटं बसतील असा. दुसरा आखूड, दोनच बोटांचा.

"आखूड घ्या," श्रेणिक म्हणाला. "दोन बोटं लिव्हरवर, बाकीची मुठीवर. गाडी हातातनं सुटत नाही."

"आखूड ओढायला जोर लागतो," मी म्हटलं. "दांडी जेवढी लांब तेवढी हलकी."

"सवय होते."

"तुम्हाला होईल. माझा हात दिवसभर म्हशीत असतो. संध्याकाळी दोन बोटांत काय जोर राहणार?"

"कशात असतोय?" आत्याबाईंनी विचारलं.

"पोहे घ्या अजून," आई म्हणाली.

"मग हात बदलत जा," श्रेणिक म्हणाला. "एक दिवस डावा घाला."

"डाव्यानं मी गाभण तपासत नाही."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही पैंजण डाव्या हातानं घडवता का?"

"घडवतो उजव्यानंच," तो म्हणाला. "पण धरायला डावा लागतो. आता डाव्या हाताला काय काय जमत नाही ते रोज नवं कळतं. लांब लिव्हर त्यातलाच. माझी दोन बोटं त्याच्यावरनं घसरतात. आखूडला टोकाशी वळण आहे, तिथं बोट अडकून राहतं. म्हणून मला तो चांगला वाटतो. तुम्हाला नसेल वाटत तर नसू दे. पण तो वाईट आहे असं म्हणू नका."

"वाईट नाही म्हटलं मी. जड म्हटलं."

"जड आहेच," तो म्हणाला. आणि तरी आखूड लिव्हर हातातून सोडला नाही.

आधीच्या दोन्ही स्थळांतली मुलं माझ्या प्रत्येक वाक्याला हो म्हणाली होती आणि घरी जाऊन नको म्हणाली होती. हा माणूस माझ्याच घरात, माझेच पोहे खात, माझ्या गाडीच्या लिव्हरवरून माझ्याशी वाद घालत होता. आणि वाद घालताना शाल केव्हाच सोफ्यावरून खाली पडली होती, त्याच्या लक्षातही नव्हतं.

"तुम्ही गाडी चालवता अजून?" मी विचारलं.

"आत्यानं किल्ली लपवलीय."

"डब्यात हाय," आत्याबाई कबूल झाल्या. "हरभऱ्याच्या."

आण्णा घड्याळ बघत होते. "बोला. लांब का आखूड?"

"ब्रेक लांब द्या," मी म्हटलं. "क्लच आखूड."

आण्णांनी मला वेड लागल्यासारखं पाहिलं. "असं नसतं. जोडीनं येतात. जोडी फोडत नाही मी. उरलेल्या दोघांना कुणाच्या गळ्यात बांधू? एक आखूड ब्रेक आणि एक लांब क्लच. कोण घेणार?"

"अगं, तुझे दोन्ही हात एकाच मापाचे," आई म्हणाली. "मग एक लांब, एक आखूड कशाला?"

"क्लच माझ्या मापाचा नकोय," मी म्हटलं.

आईला कळायला वेळ लागला. आत्याबाईंना लगेच कळलं. त्यांनी हातातला घास बशीत ठेवला आणि भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. श्रेणिकनं डाव्या हातातल्या आखूड लिव्हरकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे हो म्हणायचं का?" बाबासोंनी आण्णांना विचारलं. त्या घरात तेवढे एकच मावसभाऊ होते.

"ते मला काय माहीत," आण्णा म्हणाले. "पण जोडी मी फोडत नाही."

"आम्हीसुद्धा एक पैंजण कधी विकत नाही," बाबासो म्हणाले. "गिऱ्हाईक रडलं तरी नाही. पण आज तुम्ही द्या."

आण्णांनी उसासा सोडला आणि पिशवीतून पाना काढला.

गाडी गोठ्यातून बाहेर आणली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. आण्णा लिव्हर बसवत होते आणि दोन्ही घरं त्यांच्याभोवती उभी राहून सूचना करत होती. उजवीकडं लांब रुपेरी, डावीकडं आखूड सोनेरी. त्या आकाराचा आखूड क्लच सोनेरीतच होता, त्यामुळं आत्याबाईंचं आणि बाबासोंचं दोघांचंही म्हणणं राहिलं. आईनं राजमानेकाकूंना नवी गोधडी कबूल केली.

"आता फिरवून बघा," आण्णा म्हणाले.

"पुढं कोण बसणार?" आत्याबाईंनी विचारलं.

हा प्रश्न तोवर कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. एक हँडल, दोन मापं. आई माझ्याकडं बघायला लागली, बाबासो श्रेणिककडं.

"जाताना त्या," श्रेणिक म्हणाला. "येताना मी."

आम्ही उदगावच्या पुलाकडं निघालो. तो मागं बसला होता, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून. ब्रेक पहिल्यांदाच हाताला नीट लागत होता. गल्लीत एकदा, कोपऱ्यावर एकदा, हायवेला लागताना दोनदा मला गिअर बदलावा लागला आणि प्रत्येक वेळी डाव्या हाताची दोन बोटं मनगटापर्यंत कळवळली.

"क्लच जड जातोय का?" त्यानं मागून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

त्या दिवशी दोन्ही घरं मिळून बरंच खोटं बोलली. माझ्या वाट्याचं तेवढंच.